दोनदा केलेली दुरुस्ती

दामोदर सर शिवलीलाला पाण्यात पाहत, आणि तीही त्यांच्याबद्दल प्रेमाने बोलत नसे. निपाणीकडची मुलगी, मराठीत कन्नड मिसळते, ‘जरा’ला ‘स्वल्प’ म्हणते, आणि वर तोंड करून सरांच्या चुका दाखवते! बंगळुरूत वीस-पंचवीस वर्षं काढूनही पुण्याचा ताठा न सोडलेल्या माणसाला हे कसं सोसावं? त्यांचा लाडका होता आशय. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

संस्थेत सरांच्या हाताखाली शिवलीला आणि आशय ही दोघं एकाच प्रयोगाचं गणित करत होती. प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारायचे आणि किती, कुठल्या कोनात उडतात ते मोजायचं. अडचण अशी, की वळताना इलेक्ट्रॉन थोडा प्रकाश टाकून देतो, त्याची ऊर्जा घटते आणि तो मोजणीतून निसटतो. निसटलेल्यांना हिशेबात परत धरायचं, हीच ती दुरुस्ती. प्रयोग परदेशातला, आणि तिथल्या मंडळींची अट कडक होती. दोघांनी एकमेकांचं काही न बघता उत्तर काढायचं आणि दोन्ही आकडे एकाच वेळी पडद्यावर उघडायचे. दोन स्वतंत्र उत्तरं नसतील, तर शोधनिबंध छापायला जाणारच नाही.

निबंधावर पहिलं नाव शिवलीलाचं, हे आधीच ठरलेलं होतं. मोजणीची पद्धत तिनेच बसवली होती ना! तिची नेमणूक मार्चमध्ये संपत होती. पहिलं नाव नसेल तर पुढे तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

त्या सकाळी सरांच्या खोलीत तिघंच होते. आकडे उघडले. आशयचा आकडा जुन्या प्रयोगांशी अगदी चपखल जुळला. शिवलीलाचा बराच खाली राहिला.

सर खुशीत आले. "दुरुस्ती विसरलीस! हे तर एमएस्सीच्या पोरांनाही कळतं. कोणी शिकवलं गं तुला?"

"विसरले नाही, सर. एकदाच केलीय." ती आशयकडे वळली. "तुझ्या सिम्युलेशनमधला इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो का?"

आशयने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. त्याचे कान लाल झाले. "टाकतो."

"म्हणजे निसटलेले तिथंच धरले गेले. मग वरून हातानं परत दुरुस्ती केलास की नाही?"

"केली," तो पुटपुटला. "आकडा जुन्यांच्या जवळ दिसत होता, म्हणून शंकाच आली नाही."

त्याने वरची दुरुस्ती काढून टाकली. आकडा घसरला आणि शिवलीलाच्या आकड्यापाशी येऊन थांबला.

सरांनी दोन्ही आकडे ताडून पाहिले. आता हा माणूस माफी मागणार की काय, असं क्षणभर तिला वाटलंसुद्धा. वेडीच ती.

"शाब्बास, आशय," सर म्हणाले. "स्वतःची चूक स्वतः शोधलीस, प्रामाणिकपणे कबूल केलीस. असाच माणूस पुढे हवा. पहिलं नाव तुझं. शिवलीला, तुझं दुसरं. काही हरकत?"

"थँक्यू, सर," आशय टेबलाकडे बघत म्हणाला.

शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि लाजायचं सोडून आभार मानतोय! ती उठून उभी राहिली.

"मग माझा आकडा मी मागं घेते."

सर हसले. "खुशाल घे. आशयचा आहेच."

"आहे की. पण माझा बघून दुरुस्त केलेला. स्वतंत्र कुठं राहिला तो? आता तुमच्याकडं एक पण उत्तर नाही, सर. नवीन दोघं शोधा, पहिल्यापासून करायला लावा. परदेशातल्यांना काय झालं ते मी कळवते."

आशयने मान वर केली. सरांचं हसू ओठांवरच मावळलं.

"धमकी देतेस मला?"

"होय, सर," शिवलीला म्हणाली. "नावांचं काय ठरतंय ते सांगा. स्वल्प लवकर."