मायकाची पाठ

"मायकाची पाठ इकडं केलीस तर मी वाजवणार नाय," तारपा काखेत मारून चिंतू म्हणाला. "तारप्याला कुणी पाठ दाखवत नाय. नाचणारे नाय दाखवत, भगत नाय दाखवत. हे लोखंडी बोंड कोण लागून गेलं?"

ही बोईसरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची, सदुसष्ट सालची गोष्ट. खोटी वाटली तर निम्मी सोडून द्या. उरलेली निम्मीही खोटीच वाटेल, पण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

जिवल्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खडी वाहायचा. ताडावर सरसर चढतो म्हणून बोईसरच्या नागोरावने त्याला लाऊडस्पीकरचे भोंगे बांधायला ठेवून घेतलं. दोन वर्षांत त्याचे कान असे तयार झाले की त्याने नवापूरच्या लग्नात भोंगा लावला की केळव्याच्या सुपाऱ्या तालावर गळायच्या. गाणारा कुठे बसवायचा, ढोल किती मागे न्यायचा, हे तो चालून ठरवायचा. नागोरावच्या यंत्राला बटण एकच होतं. बाकीची जिवल्याच्या पायांत होती.

त्या दिवशी मुंबईचा एक साहेब फितीवर आवाज धरणारं यंत्र आणि त्याचा एकुलता एक मायक घेऊन आला होता, आणि नागोरावने मदतीला जिवल्याला धाडलं होतं. साहेबाला हवा होता तारपा. जिवल्याला हवी होती नवसी, त्याची सासू. सासूचा आवाज मोठा व्हावा म्हणून भांडलेला जगातला हा पहिला जावई. नव्या भाताचं गाणं पुरं येणारी ती एकटीच उरली होती, आणि हल्ली तिला दम लागायचा.

पहिल्या खेपेला चिंतूच्या तारप्याने म्हातारीला गिळून टाकलं. आता फीत एकाच गाण्यापुरती उरली होती.

"चालेल," साहेब म्हणाला. "बाई मागे थोडीशी असली तरी पुरे. चार मायक असते तर मिक्सिंग केलं असतं."

"मायक नाय, पण पाय हायेत ना," जिवल्या म्हणाला आणि त्याने चिंतूला चाळीस पावलं मागे पिटाळलं. मग, पाठीमागचं मायकाला कमी ऐकू येतं म्हणून, त्याने मायकाचं तोंड नवसीकडे आणि पाठ चिंतूकडे केली. तिथेच चिंतू अडला.

"अरे बाबा, ते यंत्र आहे," साहेब म्हणाला.

"त्याला कान हायेत ना? मग पाठ पण हाय."

साहेबाने घड्याळ पाहिलं. "माझी गाडी आहे. मायक तारप्यासमोर ठेव."

जिवल्याने मायकाची वायर मनगटाला गुंडाळली. "गाडी उद्या पण हाय साहेब. आयेचं गाणं उद्या असंल, सांगता येत नाय. ती पुढं, नायतर वायर माज्याकडं."

"जावया," नवसी म्हणाली, "इतका तर तू माज्या पोरीसाठी पण भांडला नाय."

जिवल्याने अंगणातल्या आंब्याकडे पाहिलं, मायक दातांत धरला आणि वर चढला. फांदीवर पालथा पडून त्याने मायक खाली सोडला, थेट म्हातारीच्या कपाळासमोर, तोंड जमिनीकडे.

"पाठ आता आभाळाकडं हाय, चिंतूदादा. आभाळाची काय तक्रार असंल तर विचार त्याला."

चिंतूने बराच वेळ वर पाहिलं. आभाळ काही बोललं नाही. त्याने तारपा ओठाला लावला. नवसी तारप्याकडे तोंड करून गायली, सबंध गाणं. फांदीवरच्या लाल मुंग्या जिवल्याच्या पोटापर्यंत पोचल्या. फितीवर त्याचं हूं की चूं नाही. साहेब कानांवरचे डबे काढायला विसरला आणि त्याची गाडी गेली.

होळीनंतर ते गाणं रेडिओवर लागलं. नवसी तेव्हा नव्हती. नागोरावचा रेडिओ अंगणात, त्याच आंब्याखाली ठेवला होता. निवेदकाने ध्वनिमुद्रणासाठी साहेबाचं नाव घेतलं.

"तुजं नाय घेतलं," चिंतू म्हणाला.

"गप. माजी पावलं ऐक."

म्हातारी अगदी कानाशी गात होती, आणि तारपा लांब, ताडांच्या पलीकडे.

गाणं संपलं. रेडिओत तारपा होता, म्हणून सगळा पाडा त्याला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी अंगणाबाहेर गेला. जिवल्या सर्वांत शेवटी उठला. तोही उलटाच निघाला, ओठांत काहीतरी मोजत. चाळीस झाल्यावर थांबला. रेडिओवर तोवर बातम्या लागल्या होत्या. तो तिथेच उभा राहून ऐकत होता.