रविवार संपला की मला पुसा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. अमरावतीतल्या एका वाचनालयाच्या ओसरीत, लोक चपला काढतात त्या भिंतीवर मी टांगलेला असतो. अंगाने मेळघाटच्या सागवानाचा, त्यामुळे थोडा ताठा आहे माझ्यात. तेवढा चालवून घ्या.

माझ्यावर दर शनिवारी तीनच ओळी लिहिल्या जातात. या रविवारी कुठे जा, काय खा आणि काय वाचा. वीस वर्षे त्या फारुखभाईंनी लिहिल्या. होते ते वाचनालयाचे शिपाई, पण अख्खं गाव त्यांच्या शब्दावर सुट्टी घालवायचं. जे खाल्लं नाही ते लिहायचे नाहीत, जे वाचलं नाही तेही नाही. आणि रविवारी दिवेलागणीला ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसल्याशिवाय घरी जायचे नाहीत.

"काहून पुसता जी? सोमवारी बी वाचतीन लोकं," कुणी म्हणायचं.

"इतवार गेला, त्याच्यासंगं लिहिलेलं बी जाऊ द्या. ठेवलं तर कोनाले तरी तरास होते," ते म्हणायचे.

मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे. फारुखभाई निवृत्त झाले आणि लेकीकडे अकोल्याला गेले. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण फळ्याला कोण विचारतो!

त्यांच्या जागी वरूडचा किशोर आला. पोरगा वाईट नाही, पण आळशी. पहिली ओळ त्याने वर्तमानपत्रातून उचलली. तिसऱ्या ओळीत विहिरींवरचं एक जाडजूड पुस्तक घातलं, ज्याचं पहिलं पानही त्याने उलटलं नव्हतं. खाण्याचं त्याला काहीच सुचेना. मग मोबाइलमध्ये माझा मागच्या वर्षीचा एक फोटो सापडला, त्यातली ओळ त्याने जशीच्या तशी उतरवली. 'खा: तानुबाईंचा गिला वडा. जुन्या नाक्याजवळ, दर रविवारी सकाळी.' आणि संत्र्यांच्या तोड्यासाठी पंधरा दिवसांची रजा टाकून तो संध्याकाळच्या गाडीने वरूडला निघून गेला.

तानुबाई दिवाळीत वारल्या होत्या. त्याला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी काय बोलणार?

सोमवारी दोन वाचक चपला काढता काढता बोलत होते. "वडा लय बेस होता. वर लाल तिखट, अन् दही तर असं थंडगार, दात वाजले ना भाऊ!"

"बाई मात्र एक शब्द बोलली नाही. नुसते हात चालू."

मित्रांनो, लाकडाला शहारा येत नाही असं म्हणतात. मला आला. दुसऱ्या रविवारनंतर आणखी माणसं तेच सांगत आली. माझ्यावरचा खडू एरवी दोन दिवसांत फिकटतो. ती एक ओळ मात्र रोज ठळक होत चालली होती.

तिसऱ्या रविवारी दिवेलागणीला किशोर परत आला. पिशवीतली संत्री खाली ठेवतो न ठेवतो तोच एक बाई ओसरीत चढली. हातात प्लास्टिकचं लाल स्टूल.

"हे ओळ तुमी लिहिली?"

"हो. काहून?"

"मी प्रतीक्षा. तानुबाईची पोरगी. नांदगाव पेठले कपड्याच्या कारखान्यात कामाले आहे. तिथली एक जण म्हणे, तुह्या मायच्या हातचा वडा खाल्ला. माय तं दिवाळीतच गेली, म्हणून म्या त्या बाईले शिव्या देल्ल्या. मंग आज सकाळी जाऊन पाह्यलं."

किशोर वळून माझ्यावरची ओळ पुन्हा वाचू लागला.

"माय उभी होती," ती म्हणाली. "समोर ही रांग. तिचे पाय पयलेच दुखत, म्हणून म्या स्टूल नेलं होतं. बस म्हटलं, तर म्हणे, 'बसता नाही येत पोरी. लिहिलं आहे तोवर उभं राहा लागते. थे पुसून टाक.'"

किशोरने फडकं उचललं. तिने त्याचा हात धरला.

"थांबा न जी. अजून एक इतवार राहू द्या. म्या आज तिले धड पाह्यलं बी नाही, मी रडतच होती."

किशोरने फडकं खाली केलं. ती स्टुलाकडे पाहत राहिली, कितीतरी वेळ. मग तिने त्याच्या हातातून फडकं घेतलं, ओलं केलं आणि पुसायला लागली.

आधी नाका गेला, मग रविवार. ओळ पुसली जायची आणि ओल सुकताच पुन्हा वर यायची. तिने तीनदा पुसली. शेवटी फक्त 'तानुबाई' उरलं. त्यावर तिने फडकं लावलंच नाही, तळहाताने पुसलं, झोपणाऱ्याच्या कपाळावरून हात फिरवावा तसं. तो हात बर्फासारखा गार झालेला मला लागला. मग मात्र ओळ आली नाही.

स्टूल ती माझ्याखालीच ठेवून गेली. ते अजून तिथेच आहे. कुणी बसत नाही. सोमवारी सकाळी कधीकधी त्यावर लाल तिखटाचं एक बोट उमटलेलं असतं, आणि किशोर ते ओल्या फडक्याने पुसतो. आता तो स्वतः खाल्ल्याशिवाय, वाचल्याशिवाय काही लिहीत नाही, आणि रविवारी मला पुसल्याशिवाय घरी जात नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर हवं ते लिहा, पण लिहून विसरून जाऊ नका. रविवार संपला की तुम्ही घरी जाऊन पाय पसरता. ज्याचं नाव पुसायचं राहिलं, ते माणूस मात्र उभंच असतं.