नाडासनचं पान

भोगीच्या दुपारी पाक्यमच्या घरात सगळ्यांची पानं मांडली जात, एक सोडून. सासऱ्याचं पान असे, सासूचं असे, नवऱ्याचं असे, इतकंच काय, नवऱ्याच्या दारुड्या काकाचंही असे, शेजारी बियरच्या बाटलीसकट. मलाक्कातल्या गाजा बेरांगच्या चेट्टी वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या तमिळ घरांत, हीच रीत. गेलेल्या माणसाला आवडायचं ते केळीच्या पानावर वाढायचं, नाव घेऊन जेवायला हाक मारायची, आणि त्याला निवांत जेवता यावं म्हणून घरच्यांनी ओसरीवर जाऊन दार लोटून घ्यायचं. फक्त नाडासनचं पान पाक्यमने नऊ वर्षांत एकदाही मांडलं नव्हतं.

नाडासन तिचा एकुलता एक मुलगा. मलाक्काहून समुद्रापलीकडे दुमाईला माल नेणाऱ्या एका जुनाट बोटीवर तो इंजिन सांभाळायचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बोट निघाली ती दुमाईला पोचलीच नाही. दुमाईजवळ बेंगकालिसच्या किनाऱ्यावर एक फाटकं लाइफ जाकीट तेवढं सापडलं, आणि तसली जाकिटं शंभर बोटींवर असतात. "देह दाखवा, मग रडते," पाक्यम म्हणाली होती, आणि देव पाण्यात घालून बसली होती. त्या दिवशी पोरगं तिने केलेलं पिंदांग, माशाचं आंबट कालवण, तसंच झाकून ठेवून, "माक, भूक नाही," म्हणत निघून गेलं होतं. घरून उपाशी निघालेला माणूस जेवायला परत येतोच, असं तिच्या आजीचं म्हणणं. म्हातारीच्या या एका वाक्याला पाक्यम नऊ वर्षं लोंबकळत राहिली होती.

तिचं एकटीचं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण घरात सून होती, देवानै. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा समुद्राने नेला. मूलबाळ नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना जुनं मलाक्का फिरवून दाखवायचं, इथला किल्ला, तिथलं देऊळ, अमुक गल्लीतलं अमुक खाणं, यावर ती स्वतःचं आणि सासूचं भागवत होती. आणि आता मुआरचा एक विधुर, रत्नम, टायरचं दुकान असलेला शांत माणूस, तिला मागणी घालून दीड वर्ष वाट बघत होता.

भोगीच्या चार दिवस आधी पाक तुआ आले. हे पाक्यमचे थोरले दीर, वस्तीतले सगळेच त्यांना पाक तुआ म्हणत. पाक्यम नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही.

"नऊ वर्षं झाली, पाक्यम."

"मला मोजता येतं."

"कोर्टाने तो गेल्याचा कागद दिलाय."

"मग लावा म्हणावं कोर्टालाच लग्न."

"कागद कोर्टात चालतो गं. आपल्यात पान मांडल्याशिवाय माणूस गेला असं धरत नाहीत. आणि नवरा असलेल्या बाईचं दुसरं लग्न कुठला पुजारी लावेल? जरा पोरीकडे बघ."

"बघते की. रोज बघते. माझ्याच ताटाला ताट लावून जेवते ती."

"तिने तोंड उघडून मागितलं असतं तर दोन शिव्या घालून तू मोकळी झाली असतीस. ती मागत नाही, हीच तुझी पंचाईत आहे."

पाक्यमने खवणी बाजूला सारली. म्हातारा खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्या दिराइतका वैताग जगात दुसरा नाही. "मांडते," ती म्हणाली. "जा आता."

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. भोगीच्या आदल्या दिवशी तिने पिंदांगसाठी मोठा मासा आणला, आंबट बिंबल्या चिरल्या, आणि चुलीपाशी बसून राहिली. देवानै दारात उभी होती. बराच वेळ ती घुटमळली, आणि मग जे नऊ वर्षं बोलली नव्हती ते बोलून गेली.

"माक, त्यांना पिंदांग आवडत नव्हतं."

"काय?"

"आवडत नव्हतं. तुम्ही समोर बसायचात म्हणून खायचे."

"बत्तीस वर्षं खाल्लं माझ्या पोराने! तू तीन वर्षांची बायको मला शिकवतेस?"

पाक्यमचा राग चढता चढता मध्येच थांबला, कारण तिला पळवाट दिसली. नावडतं वाढलं तर गेलेला माणूस दारातूनच उपाशी फिरतो, असं वस्तीत लहान पोरसुद्धा सांगेल. "मग झालं तर," ती जवळजवळ आनंदाने म्हणाली. "त्याला काय आवडायचं तेच मला ठाऊक नाही. पान मांडू कशी? सांग तुझ्या पाक तुआंना."

"मला ठाऊक आहे," देवानै म्हणाली. "चपला घाला. आज तुम्हाला फिरवते."

समुद्र दिसायला नको म्हणून पाक्यमने नऊ वर्षांत नदी ओलांडली नव्हती. सुनेने हाताला धरलं तेव्हा तिच्या तोंडून 'नाही' निघालं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

आधी त्या तेंगकेराला गेल्या. तिथे रस्त्याकडेला काक रुबिया पुतू विकते. तांदळाच्या पिठाची वाटीएवढी वाफवलेली पुतू, पोटात माडाचा गूळ, वर ओलं खोबरं. देवानैने ओळख करून दिली तशी रुबियाने हातातली वाटी खाली ठेवली.

"नाडासनची आई? म्हणजे पिंदांगवाली?"

"पिंदांगवाली म्हणजे काय?" पाक्यमने विचारलं.

"अहो, इथेच उभा राहून चार-चार गिळायचा. म्हणायचा, काक, घरी रोज आंबट मासा, आता मीच आंबट होईन. जरा गोड दे." रुबिया हसली, मग तिच्या लक्षात आलं, आणि ती पदराच्या टोकाने डोळे पुसू लागली. "फार गोड पोर हो."

पाक्यमने पुतूचा तुकडा तोंडात टाकला. गरम गूळ जिभेला चटका देऊन गेला. आपल्याला न सांगता पोराने इथे एक अख्खं आयुष्य जेवून घेतलं होतं, आणि तिला त्याचा रागही आला आणि हेवाही वाटला.

पुढे ती गल्ली, जिथे गणपतीचं देऊळ, मशीद आणि चिनी देऊळ एकाच रांगेत उभी आहेत. बाहुल्यांनी मढवलेल्या सायकलरिक्षा कर्कश गाणी लावून शेजारून जात होत्या. दोघा-तिघा रिक्षावाल्यांनी देवानैला हाक मारली, "आज एकच पाहुणी का?" ती नुसती हसली. पुलावर ती थांबली आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीकडे बोट केलं.

"इथे बसायचो आम्ही. त्यांना सुट्टी असली की. गारेगार चेंडोलचा वाडगा एकच घ्यायचा, चमचे दोन."

"हे पाहुण्यांना सांगतेस?"

"नाही. त्यांना किल्ल्याचं सांगते."

पाक्यम त्या पायरीकडे बघत राहिली. सून रोज या पुलावरून लोकांना घेऊन जात होती, रोज या पायरीवरून नजर फिरवून पोर्तुगीज कधी आले ते सांगत होती, आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट्याने भांडी घासत होती. पाक्यमला वाटायचं, दुःख काय ते आपल्या एकटीच्या वाट्याचं. तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटी त्या रिक्षा करून उजोंग पासिरला, पोर्तुगीज वस्तीत पोचल्या. पूर्वी इथे घरांच्या पायाशी समुद्र असे. आता भर घालून तो पार लांब ढकललाय, आणि मध्ये अर्धवट इमारती उभ्या आहेत. पाक्यमने तिकडे पाठ करूनच बसायचं ठरवलं होतं, पण पाठ करायला समुद्रच उरला नव्हता.

तिथली तिया एर्मेलिंडा, सगळ्यांची मावशी, ऐंशीची असेल. नाताळात उरलेली कोंबडी मोहरी, शिरका आणि भरमसाट मिरच्या घालून ती जे कालवण करते, त्याला तिथे देबाल म्हणतात. ते खाऊन धडधाकट माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं. नाडासनचं नाव काढताच म्हातारीने कपाळावर क्रूस केला.

"शेवटचं तो माझ्याकडेच जेवला."

पाक्यमला आधी कळलंच नाही. "कधी?"

"नाताळच्या दुसऱ्या दिवशी. बोट संध्याकाळची होती ना? दुपारी आला. तीनदा भात घेतला मेल्याने! मी म्हटलं, घरी काय जेवशील? तर म्हणाला, घरी माक पिंदांग करून बसलीय, सांगू नकोस हं तिया, तिचा चेहरा पडतो."

देवानैने घाईने सासूचा हात धरला. पाक्यम मात्र विचारत होती, सावकाश, एकेक शब्द, "पोट भरलं होतं त्याचं?"

"पोट? अगं, पट्टा सैल केला त्याने! इथे, या बाकावर. ढेकर दिला, माझ्या मांजराला हाड दिलं, आणि गेला."

तेव्हा कुठे पाक्यम रडली. एर्मेलिंडाच्या त्या बाकावर दोन्ही हात ठेवून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. पोरगं उपाशी गेलं नव्हतं. परत यायचं त्याला काही कारण उरलं नव्हतं. आशा सुटेना अन् देव भेटेना अशी नऊ वर्षं काढल्यावर ती सुटली कशाने, तर तीनदा वाढून घेतलेल्या भाताने. एर्मेलिंडाने चूल पेटवली आणि कोंबडी कापायला घेतली.

घरी परतताना देबालचा डबा पाक्यमच्या मांडीवर होता. अर्धा रस्ता सरल्यावर ती म्हणाली, "तो मुआरचा."

देवानै ताठ झाली. "माक, मी कधी..."

"गप्प बस. त्याला काय आवडतं खायला?"

"ठाऊक नाही."

"विचारून घे," पाक्यम म्हणाली. "आपल्याला वाटतं आपल्याला कळतं. तसं नसतं. तोंडाने विचारून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊद जाळला, पांढऱ्या कापडावर पानं मांडली. पिंदांग नवऱ्याच्या पानावर गेलं. त्याला ते खरंच आवडायचं, निदान पाक्यमला तशी आशा होती. शेवटच्या पानावर देबाल, भात आणि चार पुतू. वाढण्याआधी ते पान तिने स्वतः पुसलं, तीनदा पुसलं, आणि पाक तुआंनी घसा खाकरला तेव्हा खाली ठेवलं.

मग पाक तुआंच्या पोराबाळांसकट सगळे एकेक करून पानांना नमस्कार करू लागले. नाडासनच्या पानासमोर देवानै वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. तिच्या मागून पाक्यम पुढे झाली, गुडघे टेकणार, तोच पाक तुआंनी तिचा दंड धरला.

"तू नाही. आई मुलापुढे वाकत नाही."

रीतच तशी. धाकट्याला थोरल्याने नमस्कार करायचा नसतो. म्हणून घरातले धाकटे एकेक करून वाकत असताना पाक्यम मध्यभागी तशीच उभी राहिली, हातांचं काय करावं ते न कळून.

हाका मारायचं काम घरातल्या थोरल्या बाईचं. तिने सासऱ्याला बोलावलं, सासूला बोलावलं, नवऱ्याला, काकाला. त्यानंतर तिने शेवटच्या पानाकडे पाहिलं. देवानै वळून बघायला लागली. पाक्यमने गल्लीत खेळणाऱ्या पोराला मारावी तशी हाक मारली, मोठ्याने, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी.

"नाडासन! ये, वाढलंय."

सगळे ओसरीवर आले. दार लोटून घेतलं. पाक तुआंनी घड्याळ पाहिलं, नेहमीचा वेळ झाला, थोडा वरही गेला. पोरं भुकेने चुळबुळ करू लागली. पाक तुआ उठले, दार उघडण्याआधी टकटक करायला त्यांनी हात उचलला, आणि पाक्यमने तो हात धरला.

"अजून नको," ती म्हणाली. "तो सावकाश जेवतो."