साळू, च्या ठेव

मी भिमाजीचा रेडिओ बोलतोय. मधी कुनी टोकायचं न्हाई. जल्मभर दुसऱ्याचंच बोलत आलो. बातम्या दुसऱ्याच्या, कीर्तन दुसऱ्याचं, बाजारभाव बी दुसऱ्याचा. आज एकडाव माझं ऐका.

माझी लाकडी पेटी कुठं घडली, मला ठावं न्हाई. सुप्याजवळच्या आमच्या गावात वीज आली, त्या साली भिमाजीनं कांदा इकून मला नगरातनं आनलं. यष्टीत मांडीवर घिऊन बसला. कंडाक्टर म्हनला, "टपावर टाक ते." भिमाजी म्हनला, "तुजं पोरगं टाकशील का टपावर?" तवाच मानूस मला पटला.

घरात तिघंच. भिमाजी, त्याची बायकू साळूबाई, अन् धाकला भाऊ छगन. छगन म्हंजी सुतळी बाँब. मी जरा खरखरलो की डोक्यात टपली. बांधावरनं शेजारच्या सूर्यभानाशी भांडला, तर त्याच्या दारावरनं जायची वाट बी सोडली. अन् गावात दुसरा रेडिओ हुता, तो नेमका त्या सूर्यभानाकडं.

भिमाजी मोट हाकताना गायचा. मोटर आली, मोट अडगळीत गेली, पर गळा ऱ्हायला. त्याची कीर्ती ऐकून पुन्यातनं रेडिओवाल्यांची गाडी गानं भरून घ्यायला आली. घरामागं विहीर, मला समदं ऐकू येत हुतं. जुनी मोट काढली, बैलं जुपली, भिमाजी मोकळ्या गळ्यानं गायला. गानं संपलं अन् त्यानं घराकडं बघून हाळी दिली, "साळू, पावन्यास्नी च्या ठेव गं!"

मशीन चालूच हुतं.

आता आमच्याकडं चारचौघांत बायकूचं नाव कोन घेतं? "अगं" म्हनायचं, न्हाईतर नुसतं खाकरायचं. मानसं हसून लोळली. रेडिओवाला म्हनला, "वहिनी, हे पण वाजवणार बरं का!" साळूबाई पळतच घरात आली. पदर तोंडावर, पर डोळं हसत हुते. मी बघितलं.

श्रावणात भिमाजीला रानात पान लागलं. साप चावला म्हना. दवाखान्यापत्तूर पोचला न्हाई.

भादव्यात पुन्याचं कार्ड आलं. छगननं अडखळत वाचलं. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, सांजच्या साडेसहाला, भिमाजीचं गानं. साळूबाई म्हनली, "त्यात माजं नाव हाय." येवढंच. तवापासनं रोज पदरानं मला पुसायची.

मग खंडेनवमी आली. घरात दुःख, सन करायचा नव्हता. पर छगन म्हनला, "वहिनी, दादाची हत्यारं तेवढी धुवून पुजा." तिनं फाळ धुतला, कुऱ्हाड धुतली, विळा धुतला. अन् मला बी धुतला. धन्याची लाडकी वस्तू ना मी. दोन तांबे पानी, वरनं हळद-कुकू. मला वरडायचं हुतं, "बाई, मी फाळ न्हाई!" पर मला तोंड हाय, माझं बोलनं न्हाई.

सांजच्याला छगननं बटन दाबलं. आत फाटकन वाजलं, जळका वास सुटला.

छगननं घर डोक्यावर घेतलं. "अक्कल गहान टाकली का? रेडिओ काय बैल हाय धुवायला?"

साळूबाई रडली न्हाई. माझ्या अंगावरचं कुकू पुसत बसली.

आरडाओरडा ऐकून सूर्यभान सोता आला. उंबऱ्याबाहेरनंच म्हनला, "छगन, झालं गेलं सोड. गुरुवारी वहिनीला आमच्याकडं ऐकाया धाड."

"माझ्या दादाचा आवाज तुझ्या दारात? त्यापरीस न ऐकलेला बरा!"

"भाऊजी, म्या आपली मागं बसून ऐकीन," साळूबाई म्हनली.

"न्हाई म्हंजी न्हाई!"

दोन दिसांनी छगननं मला नगरला विष्णुपंतांच्या दुकानात नेलं. त्यांनी माझी पाठ उघडली अन् मान हलवली. "व्हॉल्व्ह गेलाय, आतला भोंगा भिजलाय. छगनराव, ह्याच्यात दम नाही आता. नवा ट्रान्झिस्टर घ्या, आत्ता घेऊन जा."

"दादानं ह्यो आनलाय. ह्योच बोलला पायजे."

"मग गुरुवारी दुपारी या."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मेल्या वस्तूसाठी कोन भांडतं? पर तवाच जर त्यानं मला कचऱ्यात टाकला असता, तर लई बरं झालं असतं.

गुरुवारी छगन आला. पुन्यातनं व्हॉल्व्ह आला नव्हता. पाच वाजले. विष्णुपंत म्हनले, "थोडं थांबा, दुसऱ्या सेटचा काढून लावून बघतो."

"थांबू? इतके दिस झोपा काढल्या व्हय?" छगननं बाकड्याला लाथ घातली अन् तरातरा यष्टी गाठायला गेला. मला तिथंच टाकून.

विष्णुपंत तोंड पाडून बसले. मग गपगुमान दुसऱ्या सेटचा व्हॉल्व्ह काढून मला लावला. साडेसहा झाले हुते. मी पेटलो. अन् माझ्या तोंडातनं भिमाजी आला. बैलांच्या घुंगरांसकट आला. मोटंचं पानी दगडी थारोळ्यात पडलेलं बी ऐकू आलं. मी जीव काढून गायलो. समोर रिकामं दुकान.

"साळू, पावन्यास्नी च्या ठेव गं!"

विष्णुपंत खुदकन हसले. "वा! चहासुद्धा रेडिओवर!" म्हनले, अन् काटा दुसऱ्या स्टेशनावर फिरवला.

त्या वक्ताला साळूबाई दारात बसून यष्टीची वाट बघत हुती म्हनं. छगन आला तो मोकळ्या हातानं. ती उठली. आत जाऊन चूल पेटवली.

आता मी परत घरच्या फळीवर हाय. चांगला ठनठनीत बोलतो. दर गुरुवारी साडेसहाला छगन मला लावतो, पुन्यांदा वाजवतील म्हनून. टपली मारायचं त्यानं सोडलंय. साळूबाई चुलीवर च्या ठेवते, आमच्याकडं पाठ करून बसते. तिघांत कोन बोलत न्हाई, बोलतो तो मीच. बाजरीचा भाव सांगतो.

तिचं नाव माझ्या पोटात हाय, बाबांनो. एकडाव मला माझं बोलू द्या. लई न्हाई. येकच वाक्य हाय.