आरशातली जागा

आयलाने मूठ वर धरली. मूठ म्हणजे थांबा, हे बाबांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. मागे येणारा ट्रेलर थांबला नाही. त्याची पांढरी मागची भिंत सावकाश, बेताबेताने डावीकडे सरकत आली आणि शेजाऱ्यांची निळी घडीची खुर्ची चाकाखाली गेली. नळ्या चुरगळल्याचा बारीक आवाज आला. त्या खुर्चीतून डोरीनकाकू नुकत्याच कॉफी आणायला उठल्या होत्या.

पिकअप थांबली. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"मी मूठ दाखवत होते, बाबा."

"कुठून दाखवत होतीस? आरशात नव्हतीसच तू. मला दिसेल असं उभं राहायचं, एवढंच तर काम आहे."

आयला आरशातच उभी होती. ड्रायव्हरच्या, म्हणजे इथल्या गाड्यांत डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्याच्या जरा बाहेर, सगळे उभे राहतात तिथे. डाव्या आरशात तिला बाबांचा चेहरा पांढऱ्या भुवयांसकट स्वच्छ दिसला होता. त्यांची नजर आरशापर्यंत आली होती आणि तिथे कुणीच नसावं तशी पुढे निघून गेली होती.

शेजारच्या ट्रेलरच्या सावलीत वॉल्टकाका पाय पसरून बसले होते. कोण आपलं धूड मागे कसं घेतं हे बघणं हा त्यांचा उन्हाळ्यातला मुख्य उद्योग.

"आर्विड, दर वर्षी फुकट दाखवतोस," ते म्हणाले, "यंदा तिकीट लावलंस होय? ते पण आमच्या खुर्चीचं?"

"तुझ्या बायकोची खुर्ची रस्त्यात असते, त्याला मी काय करू?"

"जाऊ दे हो, टोचायचीच ती मेली," डोरीनकाकू म्हणाल्या. पण दोन्ही हातांत कप धरून त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. कॉफी द्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

आर्विड निएमींनी आयुष्यभर आडगावांतलं टपाल वाटलं होतं. बर्फात रुतलेल्या फाटकांतून, कुत्र्यांच्या अंगणांतून गाडी उलटी काढत. कुठे ओरखडा नाही, ही त्यांची एकुलती एक बढाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा राहायचा ट्रेलर घेतला आणि दर उन्हाळ्यात समुद्राएवढ्या सुपीरियर तलावाकाठच्या याच जागेवर आणून लावला. ते गाडी मागे घ्यायचे आणि आई, लेम्पी, मागे उभी राहून हात करायची. मार्चमध्ये आई गेली. ट्रेलर विकून टाकू, असं आयला एकदा म्हणून बसली होती. त्यावर बाबा म्हणाले होते, "ज्या दिवशी मला तो एका दमात जागेवर लावता येणार नाही, त्या दिवशी खुशाल विक."

आता ते पिकअप पुढे घेत होते. पुन्हा लावणार होते.

डोरीनकाकूंनी आयलाला कोपराला धरून बाजूला नेलं. "बाळा, तू पलीकडे जाऊन उभी राहा."

"पलीकडे? तिथून काय दिसणार त्यांना?"

"तिथलंच दिसतं त्यांना." काकूंनी आवाज खाली आणला. "लेम्पी शेवटी शेवटी उजवीकडेच उभी राहायची. वॉल्टने किती चिडवलं तिला, इतकी वर्षं झाली आणि आता डावं-उजवं विसरलीस का म्हणून. ती नुसती हसायची. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

आयलाला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होता तो काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आलेला आईचा फोन. बाबांचा डावा हात जरा बधिर झाला होता, आता बरा आहे, तू उगाच धावत येऊ नकोस. त्यानंतर आईने काही झालंच नसावं तसं हवापाण्याचं विचारलं होतं. आणि आज सकाळपासून हेच बाबा स्टिअरिंगवर, ट्रेलर जोडलेली पिकअप, समोरून येणारे लाकडाचे ट्रक. सगळे ट्रक डावीकडून गेले होते. आयला उजवीकडे बसून तलाव बघत आली होती. बाबाही मधूनमधून तिच्या खिडकीतून बघत म्हणत होते, "आज शांत आहे."

ती पलीकडे जाऊन उभी राहिली. उजव्या आरशात बाबांचा चेहरा आला, आणि या वेळी नजर तिच्यावर थांबली. तिने हात हलवला तसा ट्रेलर वळला. मूठ धरली, थांबला. एका दमात, जागेवर मांडलेल्या फळीवर चाक.

वॉल्टकाकांनी टाळी वाजवली. बाबा खाली उतरले. "बघ. नीट उभं राहिलं की झालं. आता आईसारखी उभी राहिलीस."

आयलाने होकार दिला. 

संध्याकाळी तिने घरून आणलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी गरम केल्या. बाबांनी अर्धी खाल्ली, सुरी-काटा ठेवला आणि तोंड पुसलं. डावीकडची अर्धी, कोबीच्या कोशिंबिरीसकट, तशीच होती. नाताळात आई बोलता बोलता त्यांची ताटली फिरवायची. आयलाला ती आईची एक सवय वाटली होती. तिने हात पुढे केला आणि ताटली फिरवली.

"अजून आहे होय?" बाबा म्हणाले आणि खाऊ लागले.

त्यांचं संपेपर्यंत ती थांबली. "बाबा, जाताना मी चालवीन."

"तुला हा ओढता येतो?"

"नाही. तुम्ही शेजारी बसून सांगा."

बाबांनी काटा पुसायला घेतला. "आईने सांगितलं तुला?"

"नाही."

"मलाही नाही सांगितलं. एक दिवस उजव्या आरशात दिसायला लागली. मी विचारलं नाही." त्यांनी काटा ठेवला. "विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं."

आयलाने ताटल्या गोळा केल्या. 

जागा ऑगस्टअखेरपर्यंतची होती. पण आल्याच्या आठवड्यातच एका सकाळी बाबांनी आपण होऊन ट्रेलर पिकअपला जोडला, साखळ्या अडकवल्या, दोनदा ओढून बघितल्या. मग उजवीकडचं दार उघडून आत बसले आणि किल्ली तिच्या बाजूच्या सीटवर ठेवली. वॉल्टकाका उठून उभे राहिले होते. 

आयलाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. मागचं ओझं प्रत्येक वळणावर थोडं उशिरा वळत होतं. "हळू," बाबा म्हणत. "त्याला येऊ दे." 

"तलाव लागला का?" त्यांनी विचारलं.

ते आपल्या खिडकीबाहेरच्या देवदारांकडे बघत होते. डावीकडे, आयलाच्या खांद्यापलीकडे, तलाव कधीपासून सोबत चालला होता.

"लागला," ती म्हणाली.

"कसा आहे?"

तिने क्षणभर रस्त्यावरून नजर काढली. "शांत आहे. काठाशी हिरवट आहे जरा. लांब एक मालबोट दिसतेय."

"कुठल्या बाजूला चाललीय?"

आयलाने पुन्हा बघितलं. "कळत नाही, बाबा. इथून थांबल्यासारखी वाटते."

बाबांनी मान डोलावली आणि देवदारांकडे बघत राहिले.