जुळ्यांतली एक झोळी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली गोळी सुटली. तेव्हा मी खाटेच्या कठड्यावर घडी होऊन पडले होते. पत्र्याचं छप्पर थरथरलं, रेमी दचकून रडायला लागला, आणि बेनितानं मला खसकन ओढून घेतलं.

मी झोळी बोलतेय. इथे एल आल्तोत, डोंगरमाथ्यावरच्या या शहरात, मला अवायो म्हणतात. लाल, हिरव्या, गुलाबी पट्ट्यांची मी लोकरीची चौकोनी झोळी. पाठीवर टाकायचं, छातीवर गाठ मारायची, झालं. बटाटे असोत नाहीतर मूल असो, बायकांच्या पाठीवर माझ्यातूनच जातं.

मला बेनिताच्या आईनं, फोर्तुनातानं, विणलं. एकाच मागावर, एकाच लोकरीच्या तिनं दोन झोळ्या काढल्या, मी आणि माझी जुळी बहीण. लेकीच्या लग्नात एक लेकीला दिली, एक जावयाला. पट्ट्यासुद्धा मोजून सारख्या. "नवराबायकोत फरक कशाला?" असं म्हणून ती किती खूश झाली होती!

जावई तोरिबियो खाणीत सुरुंग लावायचा. खाणीतली माणसं मोर्च्याला आली की सुरुंगाची कांडी पेटवून मोकळ्या जागी फेकतात. कुणाला मारायला नाही, आवाजासाठी. माझ्या बहिणीत त्या कांड्या असायच्या. माझ्यात त्यांचा रेमी असायचा, चार महिन्यांचा.

बेनिता खालच्या शहरात विद्यापीठात शिकत होती. राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. सरकार कसं चालतं, कुणाचं ऐकतं, कुणाचं ऐकत नाही, असलं काहीतरी. एका हातानं बाळ थोपटायची आणि दुसऱ्या हातानं लिहायची. मी तिच्या पाठीवर असायचे, त्यामुळे सगळा अभ्यास माझाही झाला म्हणा ना! तिचा प्रबंध रस्ता अडवणाऱ्या लोकांवर होता. आमच्याकडे सरकारनं ऐकलं नाही की लोक रस्त्यावर दगड रचून बसतात. घरटी एक माणूस बसलंच पाहिजे, नाहीतर शेजारीण तोंड बघत नाही.

त्या दिवशी दहा वाजता तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा रेमीच्या जन्मामुळे आणि एकदा संपामुळे. आता हुकली तर सगळं पहिल्यापासून, असं विद्यापीठानं बजावलं होतं. आणि नेमका पाणी महाग केलं म्हणून वस्तीनं रस्ता अडवलेला. पलीकडे बंदुका घेऊन शिपाई.

"नको जाऊस गं," फोर्तुनाता म्हणाली. "परीक्षा काय, परत येईल. पोर परत येईल का?"

"आई, ही परत येत नाही. आणि पोराला ठेवू कुणापाशी? अंगावर पितोय तो."

फोर्तुनातानं रेमीला आमच्या रीतीनं गुंडाळलं. पायापासून खांद्यापर्यंत पट्टा घट्ट आवळून, अगदी ओंडक्यासारखं. असं केलं की बाळाची हाडं सरळ होतात म्हणे. मग त्याला माझ्यात ठेवलं आणि तोंडावरून माझं टोक ओढलं. बाहेर धूर होता ना.

दगडांच्या भिंतीपाशी बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या झोळ्या जमिनीवर पसरलेल्या, त्यात उकडलेले बटाटे, बाकल्याच्या शेंगा, चीज. जो येईल त्यानं त्यातलं खायचं. न खाता पुढे जाणं म्हणजे अपमान. बायकांची म्होरकी एर्मेलिंदा, थोराड बाई, हातात चाबूक. तिनं बेनिताला अडवलं.

"काय गं पंडितीणबाई, रस्ता अडवण्यावर एवढं जाडजूड लिहिलंस ना? मग आम्ही अडवला तर पळतेस कुठे?"

"मावशी, तेच सांगायला चाललेय. तुमचंच."

"आमचं तिकडे जाऊन सांगतेस, आणि इथे बसायला तुझी आई!" एक जण म्हणाली. बाकीच्या खोखो हसल्या.

"बस आधी," एर्मेलिंदा म्हणाली. "दोन बटाटे खा. उपाशीपोटी काय बोलशील त्या मास्तरांपुढे? मग मी स्वतः सोडते तुला."

बेनितानं गाठ सोडली आणि मला भिंतीच्या आडोशाला ठेवलं. रेमी झोपला होता. शेजारी माझी बहीण होती, गाठ मारलेली, कांड्यांनी भरलेली. तोरिबियो तिला तिथे ठेवून पुढे दगड रचायला गेला होता. आम्ही दोघी लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या जवळ होतो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! माझं मेलीचं चुकलं तरी काय, मला काय ठाऊक होतं?

बटाटा तोंडात गेला नसेल, तोच शिपायांनी हल्ला चढवला.

धुराचे गोळे ठणठणत येऊन पडले. डोळ्यांत आग उठली. भिंतीवरचे दगड फुटून उडायला लागले. शेंगा सोलत बसलेली एक म्हातारी शेजारीण तशीच बसल्या जागी कलंडली, तिच्या मांडीवरच्या शेंगा लाल झाल्या. कुणी किंचाळत होतं, कुणी पोराचं नाव घेत होतं. एर्मेलिंदा डोळे मिटूनच ओरडली, "घे तुझं बाळ, पळ खाली!" आणि तिनं हाताला लागली ती झोळी बेनिताच्या पाठीवर टाकली, पुढून गाठ आवळली. बेनिता खोकत, आंधळ्यासारखी पळत सुटली.

ती माझी बहीण होती.

मी ओरडले असते हो. पण लोकरीला कुठलं तोंड?

मग तोरिबियो आला. कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यात. त्यानं मला उचललं, खांद्याला अडकवलं आणि पुढे पळाला, जिथे गोळ्या येत होत्या तिथे. माझ्यात रेमी जागा झाला होता, जिवाच्या आकांतानं रडत होता. पण त्या गोंगाटात कोण ऐकणार! वजन तेवढंच, ताठपणाही तसाच.

उलटलेल्या गाडीमागे तो आडवा पडला. शेजारच्या माणसानं जळती सिगारेट पुढे केली. "दे पेटवून, तोरिबियो! दणका दे एकदा!"

तोरिबियोनं न बघता माझ्यात हात घातला.

त्याच्या बोटांना मऊ गाल लागला. ओला आणि गरम.

त्याचा हात माझ्यात थिजला ते मला कळलं. त्यानं टोक बाजूला केलं. रेमी लालबुंद होऊन ओरडत होता. तोरिबियोनं एकदा खाली उताराकडे बघितलं आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला की शेजारचा मागे सरला.

"बेनिताच्या पाठीवर... अरे देवा, बेनिताच्या पाठीवर!"

खाली काय झालं ते मी नंतर ऐकलं, बेनिताच्याच तोंडून. शिपायांनी तिला अडवलं. ती म्हणाली, "परीक्षेला चाललेय दादा. बाळ आहे, झोपलंय." शिपाई कोवळाच होता. "दाखव," म्हणाला. तिनं गाठ सोडली. कांड्या रस्त्यावर गडगडल्या.

त्यांनी तिला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. तोंडावर, पोटावर. ती हात आडवे घेत नव्हती. एकच ओरडत होती, "माझं बाळ कुठंय? माझं बाळ कुठंय?" त्यांना वाटलं ढोंग करतेय.

तेवढ्यात उतारावरून तोरिबियो धावत आला. मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. "बाळ आहे! मारू नका, बाळ आहे!"

त्यांना दिसला खाणीतला माणूस आणि त्याच्या डोक्यावर तसलीच लाल पट्ट्यांची झोळी. नुकत्याच तसल्याच झोळीतून कांड्या पडलेल्या बघितल्या होत्या त्यांनी.

गोळ्या झाडल्या. एक माझ्या कोपऱ्यातून आरपार गेली. दोन त्याच्या छातीत. पडता पडता त्यानं मला पोटाशी घेतलं आणि पाठीवर आपटला. त्याचं रक्त माझ्या गुलाबी पट्टीत शिरत गेलं, आणि रेमी त्याच्या छातीवर रडत राहिला. मग बंदुका थांबल्या. सगळ्यांना ऐकू आलं.

बेनिता काही दिवस तुरुंगात होती, रेमीला पाजत. माझी बहीण पुरावा म्हणून गेली, ती कधी परत आली नाही.

विद्यापीठानं पुढे तारीख दिली. त्यासाठीही लोकांना बोंब मारावी लागली. परीक्षकांपुढे बेनितानं मला टेबलावर पसरलं आणि भोकावर बोट ठेवलं. तिचे पुढचे दात पडलेले होते, शब्द जरा फिसफिसत.

"सरकार रस्ता अडवल्याशिवाय आपल्याकडे बघत नाही, असं मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "ते चुकलं. अडवल्यावरही बघत नाही. नुसती बंदूक रोखतं. आणि घाईत आम्हीही बघत नाही."

ती पास झाली. रीतीप्रमाणे डोक्यावर रंगीत कागदाच्या पाकळ्या टाकल्या. फोर्तुनाता कोपऱ्यात रेमीला घेऊन बसली होती. दोन सारख्या विणल्या म्हणून ती अजून स्वतःला शिव्या देते.

आता रेमी चालतो, पळतो. भोक तसंच आहे, बेनिता रफू करू देत नाही. फोर्तुनातानं माझ्या काठाला काळ्या लोकरीचा गोंडा शिवलाय, मला वेगळं ओळखता यावं म्हणून. आता ओळखायचं कुणापासून? बहीण तर गेली.

आज शेजारची पोर मला मागायला आलीय. तिला बाळ झालंय पहिलं. बेनितानं मला तिच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. मला जे म्हणायचं होतं तेच ती म्हणाली, म्हणून तुम्हालाही सांगते.

कितीही धावपळ असो, पाठीवर घेण्याआधी आत हात घालून बघ. बाळाचा गाल हाताला लागू दे, मगच गाठ मार. आणि तुझ्या ओळखीत कुणाचा मुलगा शिपाई असेल, तर त्याच्या आईलाही सांग, त्याला म्हणावं, आधी बघ. एवढं पुढे सांगा, बायांनो. एकीनं दुसरीला सांगा.