माझ्या फितीतून निसटलेलं नाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बुराओ नावाच्या गावातल्या शाळेत, कवितेच्या वर्गातल्या लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो. माझं एक बटण केव्हाच हरवलं. त्या जागी उंटाच्या गळ्यातल्या लाकडी घंटेचा तुकडा तासून बसवलाय. दिसतो मी अगदी ध्यान, पण मित्रांनो, हसू नका. या वर्गाने पाठ केलेल्या निम्म्या कविता माझ्या पोटातून आल्या आहेत. आणि एक मोठी चूकही कितीतरी वर्षं माझ्या पोटात होती. तीच सांगायला बसलोय.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथं सांगण्यासारखं काही नाही. माझ्यासारखी शेकडो भावंडं रांगेत उभी होती आणि नाव कुणालाच नव्हतं, फक्त आकडा. बर्बेराच्या बंदरात गलबतातून उतरून मी गुलेद मास्तरांच्या हाती पडलो, तेव्हा कुठे माझ्या आयुष्याला सुरुवात झाली.

गुलेद मास्तर कविता शिकवायचे. पुस्तक नव्हतंच. "फळ्यावरची कविता फळ्याची, पाठ झालेली तुमची," असं ते म्हणायचे. वर्गात एक नियम होता, पण तो मास्तरांनी केलेला नव्हता. आमच्या मुलखात तो लहानथोर सगळेच पाळतात. कविता म्हणण्याआधी ती कुणाची ते सांगायचं. कवीचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव. मग कविता, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मी सुरू झालो की रस्त्याने जाणारे हमालसुद्धा खिडकीशी थबकायचे, आणि मी मनातल्या मनात फुशारून जायचो.

एकदा कोरड्या दिवसांत मास्तर मला झोळीत घालून विहिरींवर घेऊन गेले. तिथं दहाबो नावाची एक बाई मेंढ्यांना पाणी पाजत होती. तिची थोरली लेक नुकतीच लग्न होऊन दूरच्या माळावर निघाली होती, आणि ती पोचल्याचा काही निरोप नव्हता. त्या काळजीतून दहाबोने कविता बांधली होती.

"मास्तर, या डब्यात माझं नाव राहील ना?" तिने विचारलं. "बिननावाची कविता म्हणजे डाग न दिलेला उंट. कुणीही यावं आणि हाकून न्यावं."

"राहील, ताई. शब्द देतो," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, फितीच्या तोंडाशी एक कोरा तुकडा असतो. त्यावर आवाज बसत नाही. बटण दाबून थोडं थांबायचं आणि मग बोलायचं असतं. पण माझ्या बॅटऱ्यांनी मान टाकायला सुरुवात केली होती. मास्तरांनी घाईघाईने बटण दाबून तिला खूण केली. ती ताठ बसली आणि म्हणाली, "ही कविता दहाबो नूर गेदीची." ते सगळं त्या कोऱ्या तुकड्यावरून घसरून गेलं. मी ऐकलं, पण मला धरता आलं नाही. मग कविता आली. आमच्याकडे एक अक्षर हाती घेतलं की ते ओळीओळीला शेवटपर्यंत जपायचं असतं.

"पल्याडच्या पाणवठ्यावर पोर माझी पोचली का?
पखालीच्या पाण्यात पहाट तिने पाहिली का?"

अशा पुष्कळ ओळी. आणि शेवटच्या दोन राहिल्या असताना बॅटऱ्यांनी जीव सोडला. मास्तरांना ते घरी गेल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी ते परत धावले, पण दहाबोचं पाल उठलं होतं.

पुढे वर्गात मला सुरू करण्याआधी मास्तर स्वतःच्या तोंडाने तिचं नाव सांगायचे. "शेवट अजून विहिरीवरच आहे, तो आणायचाय," असंही सांगायचे. आणायचं राहिलं. लढाई आली, शाळा बंद पडली. मास्तरांनी मला चटईत गुंडाळून अंगणात पुरलं आणि ते सीमेपलीकडे गेले. ते काही परतले नाहीत. त्यांची आठवण आली की अजून माझी चाकं जड होतात.

खूप वर्षांनी त्यांच्या बायकोने मला उकरून काढलं आणि नव्या शाळेला देऊन टाकलं. तिथं लिबान सर होते. तरुण, हौशी, मनाने चांगले. दहाबोची कविता ऐकून त्यांचे डोळे भरून आले. पण नाव नाही म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, "कवी: अज्ञात." शेवट नाही म्हणून त्यांनी परीक्षेला प्रश्न काढला, "कवीने कविता अधांतरी का सोडली?" मुलं उत्तर घोकायची, "कारण दुःखाला शेवट नसतो." पैकीच्या पैकी गुण. मी वर बसून तळमळत होतो. माझ्या पोटात जेवढं आहे तेवढंच मला बोलता येतं ना!

मग सातवीत इदिल आली. तिचं पाठांतर असं की शाळाशाळांच्या स्पर्धेसाठी सरांनी तिलाच निवडलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी 'अज्ञात' म्हणणार नाही. ही कविता माझ्या आजीची आहे."

वर्ग खदखदून हसला. "चंद्र पण तुझ्या आजीनेच टांगलाय का गं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"काल घरी पाठ करत होते," इदिल म्हणाली. "आजी लहोहची धिरडी भाजत होती. तिने विचारलं, कुणाची? मी म्हटलं, अज्ञात. तर तव्यावरचा लहोह करपला तरी ती हलली नाही. मग म्हणाली, ही कविता माझी."

"अगं, टेपवर नाव कुठेय?" लिबान सर वैतागले. "उगाच कुणाचंही नाव लावायचं का? अज्ञात म्हणायचं असेल तर तू जा, नाहीतर दुसरी जाईल."

इदिल रडली नाही. मधल्या सुट्टीत पळत गेली आणि आजीचा हात धरून तिला घेऊन आली. दहाबोच्या डोळ्यांत आता पडदा आला होता. आवाज मात्र तोच. मी लगेच ओळखला.

"लाव तुझा डबा," ती सरांना म्हणाली. मी सुरू झालो. ती खाली मान घालून स्वतःचा तरुण आवाज ऐकत राहिली. कविता तुटली तशी सर हळूच म्हणाले, "आजी, इथेच संपते. दुःखाला शेवट नसतो ना, म्हणून कवीने..."

"बॅटरी संपली होती, बाबा," दहाबो म्हणाली.

तिने घसा साफ केला.

"पाखरा, पोर पोचली असेल तर पंख मिटून झोप,
पोचली नसेल तर पहाटेआधी माझ्या पालावर झेप."

त्या अक्षराने ओळी अशा जुळल्या की कुणी काही विचारायची गरजच उरली नाही. लिबान सरांचा चेहरा पडला. ते उठले, फळ्यावरचं "अज्ञात" त्यांनी बाहीने पुसलं आणि म्हणाले, "आजी, चुकलं माझं."

तेवढ्यात मघाचा तो मागच्या बाकावरचा आवाज आला, या वेळी अगदी बारीक. "पण आजी, पोचली का हो ती?"

दहाबोने चाचपडत इदिलचं डोकं शोधलं. "पोचली नसती तर ही कुठून आली असती रे?"

सगळे हसले. काहींनी डोळे पुसले. मग सरांनी मला पुढ्यात घेतलं, नवी फीत घातली, बटण दाबलं आणि बोट वर करून सगळ्यांना थांबवलं. कोरा तुकडा सावकाश पुढे सरकला. तेव्हा कुठे त्यांनी बोट खाली केलं.

मित्रांनो, आता माझी चाकं घरघरतात, आणि मुलांच्या खिशात माझ्याहून शहाणी यंत्रं आहेत. मला पुसायला कुणी आलं नाही तरी चालेल. एवढंच करा. कविता कुणाच्या तरी काळजातून आलेली असते. ती उचलताना आधी ते माणूस कोण, ते विचारा, आणि त्याचं नाव येईपर्यंत थोडं थांबा. आम्ही थांबलो नाही, म्हणून एका आईला कितीतरी वर्षं अज्ञात राहावं लागलं. आता कधीही माझं ते लाकडी बटण दाबून पाहा. आधी थोडी खरखर होईल, आणि मग मी पहिलं हेच सांगेन: ही कविता दहाबो नूर गेदीची.